सरताज गीत आणि घंटागाडी

आवडती गाणी सांग म्हटलं तर मी डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत न थांबता सांगत जाईन. तीच गाणी क्रमाने सांग म्हटलं की माझी दातखीळ बसते. एखादं गाणं आवडतं, एखादं खूप आवडतं, एखादं लागलं की गॅस बारीक करून ऐकावंसं वाटतं, इथवर माझा हिशेब चोख आहे. पण सहाव्या नंबरचं गाणं सातव्यापेक्षा नेमकं किती जास्त आवडतं? आणि सातव्याला तसं सांगायचं कोणी? लग्नात कुठल्या मावशीला पुढच्या रांगेत बसवायचं आणि कुठल्या मावशीने ते मनाला लावून घ्यायचं, त्यातलाच हा प्रकार.

हे लचांड आमच्या घरात शिरलं ते बाबांच्या वहीतून. २०२४ च्या फेब्रुवारीत रेडिओचे निवेदक अमीन सयानी गेले. टीव्हीवर बातमी ऐकली तसे बाबा उठले आणि माळ्यावर चढायला लागले. वय सत्त्याहत्तर. आई खालून स्टूल धरून ओरडतेय, "अहो, ते गेले म्हणून तुम्हीही निघालात का?" बाबा खाली उतरले तेव्हा हातात एक लांबुडकी, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची वही होती. बिनाका गीतमालेची, म्हणजे सयानींच्या सिनेगीतांच्या रेडिओ कार्यक्रमाची. रुपयांच्या रकान्यात या आठवड्याचा नंबर, पैशांच्या रकान्यात मागच्या आठवड्याचा, आणि तपशिलाच्या जागी गाणं. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावायचं आणि शाईने टिपायचं. खरखर वाढून नाव ऐकू आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना विचारून दुरुस्ती. १९७५ च्या वार्षिक यादीत पहिल्या नंबरवर 'महंगाई मार गई' आहे, आणि त्याच्याच खाली आजीने पेन्सिलीने लिहिलंय : "गोडेतेल संपले." एवढं मुद्देसूद समीक्षण मी नंतर कुठे वाचलं नाही.

वही निघाली म्हणजे इतिहासही निघणारच. १९५२ साली केंद्रात केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. एका मराठी माणसाने देशाची अभिरुची सुधारायला घेतली, त्यामुळे सगळा देश सिलोन लावायला लागला. त्याच वर्षाच्या शेवटी गीतमाला सुरू झाली. तेव्हा तिच्यात नंबरच नव्हते. सात गाणी वाजवायचे, त्यांचा क्रम श्रोत्यांनी ओळखून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पत्रांचा असा काही पाऊस पडला की पुढे ती भानगड बंद करून सरळ लोकप्रियतेचा क्रम लावायला घेतला. हे सगळं बाबा शेजारी बसून पाहिल्यासारखं सांगतात. १९५२ साली ते पाच वर्षांचे होते.

वहीचे फोटो घरच्या ग्रुपवर गेले. दोन-तीन दिवस सगळे हळवे झाले. बदामाच्या आकाराचे बरेच इमोजी पडले आणि विषय संपला असं मला वाटलं. पण आमचा चुलतदादा ॲडमिन आहे, आणि ॲडमिनला कुठलाही विषय संपलेला बघवत नाही. डिसेंबर उजाडताच फर्मान निघालं : अमीन सयानींच्या स्मरणार्थ प्रत्येकाने २०२४ मधली आपली दहा आवडती गाणी निवडायची, आणि २२ तारखेपासून रोज रात्री आठला एकेक गाणं जाहीर करायचं. सुरुवात दहाव्यापासून. एकतीसला सरताज गीत, म्हणजे पहिल्या नंबरचं. बरोबरीत दोन गाणी चालणार नाहीत. मागाहून क्रम बदलता येणार नाही. गाणं २०२४ चंच पाहिजे.

या शेवटच्या अटीवर दुसऱ्या दिवशी सकाळीच भांडण झालं.

बाबांनी गीतरामायण नोंदवलं. दादाने अदबीने लिहिलं, "काका, ते १९५५ चं आहे." बाबांचा युक्तिवाद असा : सुधीर फडक्यांवरचा सिनेमा २०२४ च्या १ मे रोजी लागला, त्यात गीतरामायण आहे, म्हणजे ते या वर्षी पुन्हा प्रदर्शित झालं. वकिलीत गेले असते तर मोठे झाले असते. बरीच चर्चा होऊन दादाने छप्पन्नपैकी एका गीताला परवानगी दिली. ही परवानगी नव्हती, शिक्षा होती. पुणे आकाशवाणीने वर्षभर आठवड्याला एक गीत ऐकवलं आणि बाबांनी जन्मभर ती सगळी पाठ केली. आता त्यातलं एक निवडायचं म्हणजे बाकी पंचावन्न टाकायची. त्यानंतर बाबा कितीतरी दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. जेवताना मध्येच मान हलवायचे आणि म्हणायचे, "छे, भरतावर अन्याय होतोय."

आत्याची यादी मात्र एक डिसेंबरलाच तयार होती. आत्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाली, पण तपासणं सुटलेलं नाही. तिच्या यादीत दहाच्या दहा लताबाई. दादाने सालाचा नियम दाखवला तेव्हा तिचं उत्तर आलं, "मी ती यंदाच ऐकली आहेत." यावर कोण काय बोलणार? शिवाय तिने न विचारता इतरांच्या गाण्यांना शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली, कारणांसकट. "अंतऱ्यातले शब्द कळत नाहीत, वजा पाच." "गायिका श्वास कुठे घेते ते ऐकू येतं, वजा तीन." "कडवं एकच, बाकी सगळा ठोका. उत्तीर्ण, पण पालकांनी भेटावे."

न्यू जर्सीच्या वहिनीची वेगळीच तऱ्हा. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. त्यामुळे तिचं प्रत्येक गाणं मीटिंगमधून चोरून टाकलेलं असायचं. एकदा तिने घाईत आमच्या ग्रुपवर बजेटचा तक्ता टाकला. त्याला आत्याने ४२ दिले.

आता माझी यादी. यादी करायला बसलं की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आपल्याला आवडणारी गाणी वेगळी आणि आपल्याला आवडतात हे लोकांना कळावं अशी गाणी वेगळी. दहा जागांमध्ये या दोन्ही घराण्यांना सामावून घ्यायचं असतं. म्हणून प्रत्येक यादीत एक अभंग असतो, आणि नीट पाहिलंत तर तो साधारण सहाव्या नंबरला असतो. पहिला ठेवला तर ढोंग वाटतं, दहावा ठेवला तर पाप लागतं. एक गझल असते, ती चौथी. एक परदेशी गाणं असतं, जे यादी करणाऱ्याने पूर्ण ऐकलेलं नसतं.

दहावा नंबर मी मुलाच्या धाकाने 'तांबडी चामडी'ला दिला. "आई, हे नसेल तर तुझी यादी आजीची दिसेल," असं तो म्हणाला होता. ग्रुपवर आधी जरा शांतताच पसरली. मग मुलाने माहिती पुरवली की हे गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने काढलंय. बरोब्बर पाच मिनिटांत तीन काकांना गाण्यातला ठेका आवडायला लागला. बाबांनी तर ते पूर्ण ऐकलं, डोळे मिटून.

नववं 'तौबा तौबा'. हे गाणं मला आवडतं की त्यातला विकी कौशल आवडतो, असा प्रश्न नवऱ्याने विचारला. मी उत्तर दिलं नाही.

'गुलाबी साडी'चा गुंता जास्त. हे गाणं आपल्याला आवडतं की नाही हे ठरवायची संधी २०२४ मध्ये कोणालाच मिळालेली नाही. सकाळी बायकांच्या डब्यात कोणाच्या तरी मोबाइलवर ते चालू असायचं. त्यावर वरच्या कडीला लोंबकळत, एका हाताने डबा सांभाळत रील करणाऱ्या दोघी असायच्या. मे महिन्यात तीन हळदी झाल्या, तिन्हीकडे डीजेने तेच वाजवलं. तिसऱ्या हळदीला नवरदेवाची आजी पायऱ्या मोजून नाचली, म्हणजे घरी सराव झालेला होता. मी ते सातव्यावर ठेवलं. लगेच वन्सं म्हणाल्या, "सातवं? आमच्या पिंट्याच्या हळदीत तर तुम्ही स्टेजवरून उतरत नव्हतात." मग पाचवं केलं. तर मागाहून क्रम बदलल्याबद्दल ॲडमिनने ताकीद दिली. त्यावर मी लिहिलं, अजून जाहीर कुठे केलंय, हा घरातल्या घरात झालेला बदल आहे. यात अर्धी रात्र गेली.

'बहरला हा मधुमास' तिसरं ठेवायचं नक्की होतं. ते बाद झालं, कारण २०२३ चं निघालं. मी बाबांसारखा युक्तिवाद करायचा प्रयत्न केला, पण मी वकिलीत गेले नसते तेच बरं.

शेवटी मुलगा म्हणाला, "आई, भांडतेस कशाला? वर्षभर काय ऐकलंस ते ॲपच सांगतं." खरंच सांगतं. डिसेंबर लागला की रंगीबेरंगी पाट्या सरकवत सांगतं. माझं त्या वर्षीचं सर्वांत जास्त ऐकलेलं गाणं होतं : पाऊस. गाण्यातला नाही, नुसता पाऊस. कुठल्या तरी परदेशी जंगलात पडत असलेला. आमच्या ह्यांना रात्री झोप लागत नाही म्हणून ते माझ्या फोनवर हा पाऊस लावून घोरतात. त्याचे दीड-दीड मिनिटांचे तुकडे असतात, एकामागून एक वाजतात, आणि तीस सेकंद वाजलं की 'ऐकलं' असं धरतात. एका रात्रीत पावसाने अरिजित सिंगला किती मागे टाकलं असेल याचा हिशेब करा. दुसऱ्या नंबरवर विष्णुसहस्रनाम, ते सासूबाईंचं. तिसऱ्यावर मुलाचं काहीतरी, ज्याचं नाव मला इथे लिहिता येणार नाही. माझं स्वतःचं पहिलं गाणं सोळाव्या नंबरला होतं. ज्या फोनचे हप्ते मी भरते, त्यावर.

बरं, ॲप म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कानांवर पडलेली गाणी त्याला कुठे माहीत असतात? तसं पाहिलं तर २०२४ मध्ये मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं गाणं सकाळी सव्वासातला यायचं आणि कोपऱ्यावरून वळताना जोरात व्हायचं : 'गाडीवाला आया, घर से कचरा निकाल'. घंटागाडीचा भोंगा फाटका आहे, 'निकाल'मधला ल कधीच येत नाही. तरी त्या चालीवर माझे पाय आपोआप डब्याकडे वळतात. दुसऱ्या कुठल्याही गाण्याने मला अशी कामाला लावलेली नाही. एकदा ऑफिसात फायली चाळताना मी गुणगुणत होते. समोरचे साहेब म्हणाले, "छान आवाज आहे तुमचा, कुठला राग?" मी म्हटलं, ओला आणि सुका.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा अनेकांनी गुपचूप कबूल केलं की त्यांच्याकडेही तोच पहिला नंबर आहे. नाशिकची मावशी म्हणाली, आमच्याकडे गाडी उशिरा येते, म्हणून दुसरा. बाबांनी वहीत 'स्पर्धेबाहेर' अशी नवी ओळ आखून ते शाईने नोंदवलं. रुपयांचा रकाना रिकामा ठेवला.

उरला सरताज गीताचा प्रश्न. 'लापता लेडीज'मधलं 'सजनी' की 'मदनमंजिरी'? सजनी म्हणजे परतीची लोकल, सुदैवाने मिळालेली खिडकी, मुंब्र्याची खाडी, आणि शेजारणीचं डोकं आपल्या खांद्यावर. ते पहिलं ठेवलं की माणूस विचारी दिसतो. मदनमंजिरी लागलं की मात्र मी विचार करत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी त्या गाण्यातल्या अदा करून पाहते. हातात सांडशी असेल तर सांडशीसकट. सासूबाईंनी एकदा दारातून पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या. नंतर नवऱ्याला म्हणाल्या, "तिला चार दिवस माहेरी पाठव."

तीस तारखेला मी सजनी जाहीर केलं. एकतीसला आठ वाजता मदनमंजिरी. पाठवताना डोळे मिटले होते. आत्याचे गुण आले : "६८. मुखड्याचे दहा कृपेने." कृपेने का होईना, पहिला वर्ग. बाबांनी शेवटपर्यंत पहिलं गाणं टाकलंच नाही. आठ वाजून बावन्न मिनिटांनी "भरतभेट" एवढंच लिहिलं आणि फोन बंद करून झोपले.

सगळं पार पडलं, सगळ्यांनी सगळ्यांना टाळ्या पाठवल्या. बारा वाजायला काही मिनिटं होती. तेवढ्यात दादाला पुढच्या वर्षीची कल्पना सुचली. "२०२५ ला गाणी नकोत," त्याने लिहिलं, "काहीतरी वेगळं करू. आपले दहा आवडते नातेवाईक. दहापासून एककडे."

वहिनीच्या नावापुढे 'टायपिंग' आलं आणि गेलं. वन्संच्या नावापुढे आलं आणि गेलं. नाशिकच्या मावशीचं बराच वेळ येत-जात राहिलं. बाहेर फटाके सुरू झाले तरी एक अक्षर पडेना.

मग आत्याचा मेसेज आला : "माझी यादी तयार आहे."