खुलासा : जीव्ह्ज हा बटलर नव्हे

विनोदी इंग्रजी लेखक पी. जी. वुडहाऊसचा जीव्ह्ज हा ‘इंग्रजी साहित्यातला सर्वांत गाजलेला बटलर’, अशी ओळ सध्या फिरते आहे. गाजलेला खरा, पण बटलर नव्हे. १९१५ साली कथांमध्ये आला तेव्हापासून तो बर्टी वूस्टर या श्रीमंत तरुणाचा व्हॅलेट, म्हणजे एकाच माणसाच्या तैनातीतला खासगी नोकर आहे.

बटलर घराचा असतो. वाइनचं तळघर, चांदीची भांडी, जेवणाचं टेबल आणि हाताखालचे फुटमन (वाढपाची आणि वरकामं करणारे गणवेशातले नोकर), हे त्याचं राज्य. वुडहाऊसच्याच ब्लँडिंग्ज कॅसलच्या कथांमधला बीच पाहा, तो अस्सल बटलर. व्हॅलेटकडे मात्र धन्याचे कपडे, बूट, दाढीचं सामान, बॅग भरणं आणि प्रवासातली सोबत. म्हणून तर जीव्ह्ज बर्टीबरोबर न्यूयॉर्कला जातो, आणि जांभळ्या मोज्यांवरून किंवा पांढऱ्या मेस जॅकेटवरून (कमरेपर्यंतचा आखूड समारंभी कोट) दोघांचं बिनसतं. बटलरला धन्याच्या मोज्यांशी काय देणंघेणं?

घोटाळा होतो तो लंडनच्या फ्लॅटमुळे. तिथे हाताशी दुसरं कोणी नाही, त्यामुळे दार उघडणं, पाहुण्यांची वर्दी देणं, पेयं आणणं हेही जीव्ह्जच करतो. पडद्यावर नेमकं तेवढंच डोळ्यांत भरतं. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’मधल्या फॉगचा पासपार्तू आणि डोरोथी सेयर्सच्या रहस्यकथांमधल्या लॉर्ड पीटर विम्झीचा बंटर यांनाही असंच सर्रास बटलर करून टाकतात, तेही व्हॅलेटच.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. १९५३ च्या ‘रिंग फॉर जीव्ह्ज’ या कादंबरीत तो खरोखरच बटलरची नोकरी करतो, तीही तात्पुरती आणि दुसऱ्याच धन्याकडे. त्या पुस्तकात बर्टी प्रत्यक्ष येतच नाही.