नॅकच्या आधी जुनी इमारत ‘हरित’ कशी करावी

तुमच्या विद्यापीठात दीडशे वर्षांची दगडी इमारत आहे आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती मार्चमध्ये येणार आहे? उत्तम. निधीही मार्चअखेरच संपवायचा असतो.

आधी सल्लागार नेमा, शक्यतो इमारत न पाहिलेला. कुणी हरकत घेतलीच, तर मुंबई विद्यापीठाचा दाखला द्या. फोर्टमधलं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर रेखाटणारा इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नव्हता! त्याने ऊनपाऊस ओळखून कमानींच्या गॅलऱ्या ठेवल्या होत्या, एवढं मात्र बोलू नका.

मग दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे. जुन्या चुन्याच्या दरजा छिन्नीने, रुंदीच्या निदान दुप्पट खोल, हाताने उकरायच्या असतात. त्यात महिने जातात. तुम्ही ग्राइंडर फिरवा. दगडाच्या कडा थोड्या उडतील, पण दरज रुंद झाली की काम लांबूनही ठसठशीत दिसतं. कळीचा चुना विरवून आठवडेच्या आठवडे मुरवायचा, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, भरल्यावर ओली पोती टाकून जपायचा, ही थेरं हवीत कशाला? सरळ एकास तीन सिमेंट कालवा. पहिला पावसाळा छान जाईल. जोत्यातून भिंतीत चढणारी ओल आजवर दरजांतून सुकत होती, आता तिला दगडातूनच वाट काढावी लागेल. दोन-तीन वर्षांत लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटेल, दगडाचे पापुद्रे सुटतील. त्यावर प्लॅस्टिक पेंट फासा. मग ओल आतल्या अंगाला, म्हणजे पुस्तकांच्या कपाटांकडे वळेल. तिच्यासाठी ‘वॉटरप्रूफिंग’ची वेगळी निविदा काढता येते.

कोरीवकाम काळं पडलं असेल तर ॲसिडने धुवा. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडीच, त्यामुळे तो लगेच फसफसतो. मळ निघतोय, असं बांधकाम समितीला सांगा. निघत असतात ती पानंफुलं, पण तिसऱ्या मजल्यावर बघायला कोण जातंय?

आता खरा हरित भाग. व्हरांडे ही वाया गेलेली जागा आहे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून तिथे उपकुलसचिवांच्या केबिनी काढा. वर फॉल्स सीलिंग ठोका, म्हणजे गरम हवा बाहेर सोडणारे उंचावरचे झरोके झाकले जातील आणि छताची गळती लाकूड कुजेपर्यंत कुणाला दिसणार नाही. वारा बंद झाला की खोल्या तापतात. तापल्या की एसी लागतो. दोन फुटी भिंतीला कोअर कटिंगने भोक पाडा, बाहेरचं युनिट कोरलेल्या कठड्यावर टेकवा आणि पाण्याची नळी मोकळी सोडा, दगडावर शेवाळ येतं. हरितच झालं ते.

दीड टनाचा एसी आठ तासांत साधारण दहा युनिटं खातो. एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतं. म्हणजे एका एसीमागे अडीचशे चौरस फूट छप्पर. वीस एसी बसवलेत तर पाच हजार. एवढं छप्पर नसेल तर पॅनेलं फक्त दर्शनी बाजूला लावा, समितीचे फोटो तिथूनच निघतात. कौलांना भोकं पाडताना वाशांची तपासणी नको, ते कुजलेले निघाले तर काम थांबेल. फुटकी कौलं बदलून, पन्हळी साफ करून आणि व्हरांडे उघडून एसीचं बिल मुळातच टळलं असतं, पण न आलेल्या बिलाचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करणार?

भिंतीत उगवलेला पिंपळ वरून छाटा. मूळ राहिलं की पुढच्या वर्षी पुन्हा कंत्राट.

एवढं करून इमारत दहा वर्षं टिकलीच आणि वारसा यादीत नसली, तर संरचना तपासणी करून घ्या. अहवालात ‘सी-१, अतिधोकादायक’ आलं की पाडायची परवानगी मागा आणि जागी काचेची नवी ‘शाश्वत’ इमारत उभारा. जुने दगड भरणीला जातील. ब्रह्मी सागाच्या तुळया मात्र भंगारात दाखवा आणि रात्रीच हलवा, त्यांना बाजारात भाव चांगला येतो.