पाय आखडतात म्हणून सीट फिरवू नका

नमस्कार. लहान मुलाची गाडीतली बालसीट मागे तोंड करूनच ठेवा, या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उडवून लावण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. तुमचे आक्षेप चार: दोन वर्षांच्या मुलाला मागे तोंड करून बसवलं तर पाय आखडतात आणि धडकेत मोडतील, मागून कुणी ठोकलं तर उलट धोका वाढतो, मागे तोंड ‘पाचपट सुरक्षित’ हा आकडा ज्या अभ्यासातून आला तो मागे घेतला गेला, आणि शहरात गाडी पन्नासच्या पुढे जात नाही, आईची मांडी पुरेशी आहे.

अभ्यासाबद्दल तुमचं बरोबर आहे. २००७चा तो अमेरिकी अभ्यास मागे घेतला गेला, पाचपटीचा आकडा आता कुणीच वापरू नये. फेरतपासणीत दिसलं ते एवढंच की मागे आणि पुढे तोंड असलेल्या, दोन्ही प्रकारच्या सीटमध्ये जखमी झालेली लहान मुलं इतकी थोडी होती की ठाम आकडा काढताच येत नाही. तरीही अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सल्ला सैल केला नाही. उलट ‘दोन वर्षांपर्यंत’ ही अट काढून, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत असंच बसवण्याची पद्धत जुनी आहे.

कारण मानेत आहे. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेनेच जोडलेले असतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकत्रच सीटमध्ये दाबली जातात, जोर पाठभर पसरतो. पायांचं म्हणाल तर मुलं घरी जमिनीवर मांडी घालूनच बसतात, सीटमध्येही तशीच बसतात. पुढे तोंड असताना मात्र पाय उडून समोरच्या सीटवर आपटतात. शिवाय मोडलेला पाय जुळतो, मज्जारज्जूची इजा भरून येत नाही.

मागून बसणाऱ्या धडका बहुधा कमी वेगाच्या असतात. जीवघेण्या जखमा मुख्यतः समोरच्या आणि बाजूच्या धडकांत होतात.

मांडीचा हिशोब स्वतः करून बघा. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी ०.१ सेकंदात थांबली तर १२ किलोचं मूल आईच्या हातांना १७० किलोच्या ओढीने खेचतं. कुणाचेही हात ते धरू शकत नाहीत. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे, पण खरं कारण हे १७० किलो आहेत.

आता ‘सीट हलते, म्हणून विश्वास बसत नाही’ हे तुमचं वाक्य. हलवून कुठे बघता? जिथून गाडीचा पट्टा जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पट्टा सैल आहे. सीटचा वरचा भाग थोडा डुलतो, तो दोष नाही. गाडीचा पट्टा बालसीटवरच्या निळ्या खुणांमधून गेला पाहिजे, लाल खुणा पुढे तोंड करण्यासाठी असतात. काही लहान गाड्यांमध्ये मागचा पट्टा एवढ्या वळणाला पुरतच नाही, म्हणून विकत घेण्याआधी सीट गाडीत लावून बघा. पट्ट्याला जोड देऊ नका. आयसोफिक्सच्या (पट्ट्याऐवजी गाडीतल्या पक्क्या कड्यांना अडकणाऱ्या) सीटला सपोर्ट लेग, म्हणजे गाडीच्या तळावर टेकणारा आधाराचा पाय असेल तर त्याखाली गाडीच्या तळातल्या पोकळ कप्प्याचं झाकण नको, ते दबलं की हा पाय आधार सोडतो. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली सीट कधीही नाही.

खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून यावेत. गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरता आला तर अजून ओढा. जाड स्वेटर आधी काढा. जागा कमी पडत असेल तर सीट पुस्तिकेत मोठ्या मुलासाठी दिलेल्या उभ्या कोनात लावा. दोन वर्षांच्या मुलाला तान्ह्याइतकं आडवं लागत नाही आणि पुढच्या माणसाच्या गुडघ्यांनाही जागा मिळते.

फिरवायची वेळ लेबलवरचं वजन किंवा उंची ओलांडली की येते, किंवा डोकं पुस्तिकेतल्या मर्यादेला पोचलं की. तेव्हा सीटला टॉप टेदर, म्हणजे सीटचा वरचा भाग मागे बांधणारा पट्टा असेल तर तो गाडीत त्यासाठीच दिलेल्या कडीला (अँकरला) लावा. डिकीत सामान बांधायची कडी तशीच दिसते, पण ती धडकेचा जोर पेलत नाही.