कूलरसमोरची लिली

नागपुरात कूलरसमोरची खुर्ची ही मानाची जागा आहे. तिथे घरातल्या मोठ्यांनी बसायचं, जावई आला तर उठून त्याला द्यायची आणि सुनेनं फार तर कूलरमध्ये पाणी भरायच्या निमित्ताने पदराला वारा लावून घ्यायचा. यंदा मार्चपासून आमच्याकडे ती जागा एका कुंडीकडे गेली.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर कालव्यातलं पाणी क्युसेकमध्ये मोजलेला माणूस आता पेल्याने मोजतो. एका रिसेप्शनला त्यांनी बुकेतल्या गुलाबी ओरिएंटल लिलीचा वास घेतला आणि तिथेच पंगतीच्या रांगेत जाहीर केलं, "हे घरी येऊ शकतं." आईंनी हातातली प्लेट परत ठेवून दिली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बरेचदा ऐकलं होतं.

हॉलंडचे कंद घरी पोचले ते ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. बाहेर लावले तर उकडून निघतील, म्हणून थंडी पडेपर्यंत मुक्काम फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. लिलीच्या कंदाला कांद्यासारखं वरून साल नसतं. नुसत्या पांढऱ्या, मांसल पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे तो उघडा ठेवला की सुकतो. म्हणून ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर भोकं पाडलेली पिशवी आणि तापमान साधारण चार अंश. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, मेथी, वांगी सगळी ओट्यावर आली. सफरचंदांना तर फ्रीजबंदीच झाली, कारण पिकत्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि तो कंदाला बाधतो. आईंना डॉक्टरांनी रोज एक सफरचंद सांगितलंय. ते त्या आता कोमट खातात, बाबांकडे बघत बघत.

कामाच्या मावशींनी एकदा पिशवी उघडून बघितली. "ताई, हा लसूण तं मोठा दिसते जी. सोलून ठेवू का?" मी पिशवी ओढून घेतली. चीनमध्ये लिलीचे कंद भाजी म्हणून खातात, ही माहिती मी त्यांच्यापासून आजतागायत लपवून ठेवली आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी लागवड झाली. गावाकडच्या शेतातली काळी माती, जिच्यातल्या कपाशीवर या घराण्याची शिक्षणं झाली, ती बाबांनी पहिल्याच फेरीत बाद केली. पाणी धरून ठेवते, कंद कुजतो. मग रेती, कोकोपीट, शेणखत. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, तोही पट्टी लावून मोजलेला. लिलीच्या पायाशी सावली आणि डोक्यावर ऊन हवं, असा बागवाल्यांचा नियम आहे. तो करणाऱ्यांनी ऊन बहुतेक हॉलंडचं धरलं असावं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, त्या उन्हात डोकं कुणाचंही राहत नाही.

शेजारचे काका म्हणाले, एशियाटिक जातीची लिली लावायची होती, ती लवकर फुलते, उन्हाळ्याच्या आत मोकळं. पण एशियाटिकला वास नसतो. "वास नसलेलंच फूल हवं तर प्लास्टिकचं काय वाईट?" असं म्हणून बाबांनी विषय संपवला. ओरिएंटल सावकाश वाढते. ती इतकी सावकाश वाढली की कळ्या धरेपर्यंत मार्च उजाडला आणि पारा सदतिसावर गेला. अशा उन्हात कळ्या पिवळ्या पडून गळतात. दोन गळल्या. त्याच दिवशी माळ्यावरून कूलर उतरला, त्यात नवा वाळा भरला आणि कुंडी हॉलमध्ये आली.

आम्ही सगळे लिलीच्या मागे बसायचो. आलेल्या पाहुण्यांना वारा थोडा पानांमधून गाळून मिळे आणि वर व्याख्यान. मणिपूरच्या उखरूलमधली शिरुई लिली तिच्या डोंगरावरून खाली आणली तर जगत नाही, निलगिरीत तर एक पांढरी लिली आपोआप उगवते, वगैरे. म्हणजे अडचण फक्त उंचीची, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. आमचा दुसरा मजला धरला तरी हिशेब जमत नाही.

फूल मात्र आलं, आणि खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं आलं. पाकळ्या मागे वळलेल्या, गुलाबीवर गडद ठिपके, आणि मध्ये तपकिरी परागांचे लोंबते पुंकेसर. घरभर वास. ह्यांनी ऑफिसला निघताना वाकून वास घेतला आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी पट्टा उमटवून घेतला. ओल्या रुमालाने पुसला, तेव्हा त्याचा नकाशा झाला. ते पराग कोरडेच चिकटपट्टीने उचलायचे असतात, हे बाबांना ठाऊक होतं, पण ते त्या वेळी फोटो काढत होते.

मे महिन्यात बाल्कनीच्या कोपऱ्यात, फुटक्या बादलीत, कुणी पेलाभर पाणीही न घातलेल्या फुटबॉल लिलीने लालभडक चेंडू वर काढला. आई म्हणाल्या, "ही पण लिलीच ना?"

"नावाचीच. ती अमॅरिलिसच्या कुळातली."

"कूळ कशाला बघता? लग्न जमवायचंय का तिचं?"

आता लिलीची पानं पिवळी पडली आहेत. कंद काढले, ते आणले होते त्याहून बारीक निघाले. बाबांना त्यांच्यासाठी पुन्हा भाजीचा कप्पा हवा आहे, आणि तिथे सध्या आमरसाचे डबे आहेत. आईंनी अट घातली: आमरस संपला की कप्पा तुमचा, पण पुढच्या मार्चात कूलरसमोर मी बसणार.

बाबांनी बराच विचार केला. मग विचारलं, "दिवसभर, की फक्त दुपारी?"