बिलं सगळा देश भरतो, म्हणून शेअर घ्यायचा?

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसभावाने मामांना लिहिलं, "पीएफचे पैसे नुसते पडून आहेत, पेटीएम उचला, लाइट बिल काय सगळा देश भरणारच आहे, इथून डबल होतोय." खाली अंगठे आणि रॉकेट. आणि मामा, जे आत्ता कुठे रिटायर झालेत, त्यांनी विचारलं, "किती घेऊ?" हे "किती घेऊ" वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये. ग्रुपवर लिहिलं तर घरात भांडणं होतील, म्हणून इथे लिहितेय.

सगळा देश बिलं भरतो, मान्य. पण ज्याच्या अ‍ॅपवरून भरतो त्याच्या पदरात काय पडतं आणि पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक परत येतं का, हे विचारायचंच नाही का कुणी?

माझी आत्या साताऱ्याला असते. आधी महावितरणच्या काउंटरला रांगेत उभी राहायची, मग नातवाने फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं आणि ती त्यात तरबेज झाली. एका महिन्यात त्या अ‍ॅपने बिलावर वरचे थोडे रुपये लावले. आत्याने ना तक्रार केली ना कुणाला विचारलं. बँकेचं अ‍ॅप उघडलं, कागदी बिल मांडीवर घेतलं, बारा आकडी ग्राहक क्रमांकावर बोट ठेवून एकेक आकडा टाकला, आणि तेच बिल, तीच रक्कम, तीच शेवटची तारीख समोर आली. भरलं आणि भाजी निवडायला बसली. संपलं. इतकी वर्षं जाहिराती आणि कॅशबॅक ओतून जोडलेलं गिऱ्हाईक थोड्या रुपयांसाठी गेलं, आणि जाताना त्याला काही सोडल्यासारखं वाटलंसुद्धा नाही.

हे आत्या हुशार आहे म्हणून झालं नाही (हुशार आहेच ती). हे झालं कारण खाली भारत बिल पे नावाची एकच यंत्रणा आहे, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने उभी राहिलेली आणि एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) कंपनीने चालवलेली. वीज कंपनी, गॅस, पाणी, जो कुणी बिलवाला त्यात एकदा आला की त्याचं बिल फोनपेवरही दिसतं, गूगल पेवरही, पेटीएमवरही आणि बँकेच्या अ‍ॅपवरही. रस्ता सगळ्यांचा आहे, त्यावर कुणी आपला टोलनाका टाकू शकत नाही. मग स्पर्धेत टिकायला ह्या अ‍ॅपवाल्यांकडे वेगळं आहे काय? नुसतं बिल भरण्यात तरी काहीच नाही. आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायची फी, शून्य आहे; व्यवहार कितीही वाढले तरी त्यातून काही मिळत नाही.

आता मावसभाऊ म्हणेल साउंडबॉक्स, दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारा तो डबा. हो बाबा, साउंडबॉक्स भारी आयडिया होती, त्याचं भाडं येतं, दुकानदारांना कर्ज मिळवून देण्यात कमिशन येतं, आणि 2025 च्या एप्रिल-जून तिमाहीत कंपनीने 122 कोटींचा नफा दाखवला तो खराच आहे. पण मग तसं सांगा ना! दुकानदार आणि कर्जवाटपाची कंपनी आहे म्हणून सांगा. "बिलं सगळा देश भरतो" हे सांगून साठीच्या माणसाचे पैसे का बाहेर काढताय?

मला राग नक्की ह्याचा येतो. नोव्हेंबर 2021 मध्ये हेच लोक होते. 18,300 कोटींचा पेटीएमचा आयपीओ (बाजारातली पहिली शेअरविक्री), भाव 2150, "वॉरन बफेची कंपनी आत आहे" म्हणून सगळीकडे बोंब. पहिल्याच दिवशी शेअर 27 टक्के आपटला, 1564 च्या आसपास बंद झाला. बफेंची बर्कशायर 2023 मध्ये बाहेर पडली. 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि मे महिन्यात शेअर 310 पर्यंत गेला. तिथे ज्यांनी घेतला त्यांचे पैसे झाले, कबूल, हजाराच्या वर गेला परत. पण 310 ला हे टार्गेटवाले सगळे चिडीचूप होते, आणि आता भाव वर गेल्यावर त्यांना मामांचा पीएफ दिसतोय.

जून 2025 आठवा. यूपीआयवर मोठ्या व्यवहारांना एमडीआर लागणार अशी नुसती कुजबुज होती. अर्थ मंत्रालयाने ती साफ नाकारली आणि दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांपर्यंत घसरला. कंपनीत त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं. जिची कमाई दिल्लीतल्या एका खुलाशावर हलते, तिच्यात ज्यांना पगार आहे, वय आहे, त्यांनी खुशाल खेळावं. मला कुणाच्या हौसेशी वाकडं नाही. मामांनी तीस वर्षं सेकंड शिफ्ट केलीये, रात्रीची शेवटची एसटी चुकली की डेपोतच झोपायचे. त्या पैशाला पुन्हा कमवायचा वेळ नाहीये, हे घरातल्या माणसाला तरी कळायला हवं ना रे.

दुपारी त्या मावसभावाला फोन केला तर म्हणतो, "ताई, 30 टक्क्यांची कॅप लागू दे, मग बघ." म्हणजे यूपीआयच्या व्यवहारांत कुठल्याही एका अ‍ॅपचा वाटा 30 टक्क्यांच्या वर नको, हा एनपीसीआयचा 2020 चा नियम. त्याची मुदत वाढत वाढत डिसेंबर 2026 पर्यंत आलीये. आणि समजा लागला, फोनपे-गूगल पेचं गिऱ्हाईक खरंच बाहेर पडलं, तर ते पेटीएमकडेच येईल हे कशावरून? बँकांची अ‍ॅप आहेत, शिवाय भीम, क्रेड, 'नवी' अशी दुसरी अ‍ॅपही आहेत.

ज्यांना हा शेअर पटतो त्यांनी खाली कॉमेंटमध्ये चार्ट टाकू नका. आत्याने अ‍ॅप बदललं, तसं उद्या सगळ्यांनी बदललं तर त्यांना अडवणारं ह्या कंपनीकडे काय आहे, एवढंच लिहा. मी वाचेन, खरंच वाचेन.