दोघांनीच जायचं तर सीझन सोडून जा

मे महिन्यात महाबळेश्वरला आणि ३१ डिसेंबरला अलिबागला जाणाऱ्यांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात शाळेत जाणारी मुलं असली की सुट्टी त्यांच्या वेळापत्रकाने घ्यावी लागते. आम्हीही वर्षानुवर्षं त्या रांगेत उभे होतोच. माझा प्रश्न आहे तो ज्यांची मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली, किंवा ज्यांना अजून मुलं नाहीत, अशा जोडप्यांना. तुम्ही मोकळे आहात ना? मग त्याच शनिवारी, त्याच घाटात, पुढच्या गाडीचा नंबर पाठ होईपर्यंत का उभे असता?

सीझन ठरवतं कोण, हे जरा बघा. समुद्र ठरवत नाही, डोंगरही ठरवत नाही. शाळांच्या परीक्षा, दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेले रविवार मिळून ठरवतात. म्हणजे निसर्ग ऐन भरात आहे आणि माणसं मात्र परीक्षेत नाहीतर ऑफिसात अडकलेली आहेत, असे कितीतरी आठवडे वर्षात पडून असतात. हा झाला एक ऑफ सीझन. दुसरा वेगळा. त्यात निसर्गच सांगतो की आता माझ्या वाटेला जाऊ नका. जुलैतला कोकणचा समुद्र हा त्यातला. हॉटेलवाल्यांच्या जाहिरातीत दोन्हींना एकच नाव आणि एकच सूट असते, त्यामुळे लोक दुसऱ्यात जातात आणि पहिल्याची अपेक्षा धरतात. मग परत येऊन एक स्टार देतात.

पहिल्या प्रकारातला माझा सगळ्यात लाडका काळ म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचे पहिले दिवस, तेही किनाऱ्यावर. दहावी-बारावीची घरं परीक्षेत गुंतलेली, उन्हाळा अजून चढलेला नाही, समुद्र निवळलेला, काजू धरायला लागलेले, आंब्याच्या झाडांवर कैऱ्या. मधल्या वारी गुहागरचा लांबलचक किनारा नाहीतर दिवेआगर जवळजवळ आपलाच असतो. फक्त शिमग्याचे दिवस बघून जा. तेव्हा मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, पालख्या निघालेल्या असतात, आणि आपल्या खोलीवाल्याला आपल्याकडे बघायला सवड नसते. असूही नये.

इथे एक जुनी युक्ती सांगते, कारण हल्ली ती फार कमी जणांना माहीत असते. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आता हेच पौर्णिमेला लावून बघा. भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे ओहोटी बरोब्बर संध्याकाळी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा खूप मागे गेलेलं. समोर सूर्य पाण्यात उतरतोय, पायाखाली आरशासारखी ओली वाळू, आणि पाठीमागे माडांच्या वरून चंद्र येतोय. अष्टमीला त्याच किनाऱ्यावर जाल तर संध्याकाळी पाणी पार वर आलेलं, चालायला अरुंद पट्टी. खोली तीच, पैसे तेच. हॉटेलचं रेटिंग तासभर चाळणारे लोक तिथी बघत नाहीत, याची मला गंमत वाटते.

आता दुसरा प्रकार. भर पावसात कोकणात जावं का? माझं मत: जावं, पण समुद्रात उतरायला नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढून झाप आणि ताडपत्री घालून ठेवलेल्या असतात. जंजिऱ्याला, सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या बोटी मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. वॉटर स्पोर्ट्स बंद. पाणी गढूळ, कारण नद्या घाटावरची माती घेऊन येत असतात. डिसेंबरात बघितलेला रुंद किनारा आता अर्धा झालेला असतो. लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पावसाळा सरला की हळूहळू परत आणून टाकतात. आणि हो, आपण वर्षभर टाकलेलं प्लास्टिकही समुद्र याच दिवसांत किनाऱ्यावर आणून ठेवतो, तेही बघायची तयारी ठेवा. एवढं सगळं ऐकून ज्याला जावंसं वाटतं, त्याने जरूर जावं. किनाऱ्यावरच्या ओसरीत बसून दोन-दोन तास पाऊस समुद्रावरून चालत येताना बघणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे.

गुहागर तालुक्यात एका घरी आम्ही असेच जुलैत उतरलो होतो. फोनवरच काकूंनी सांगितलं होतं, "या तुम्ही, पण आमची लावणी चालू आहे. दुपारचं जेवण सकाळीच करून ठेवीन, वाढून घ्यावं लागेल तुमचं तुम्हाला." गेलो तर खरंच झाकून ठेवलेलं: कुळथाचं पिठलं, भात, फणसाच्या आठळ्यांची भाजी. शेजारच्या खोलीत चार मित्रांचा एक ग्रुप होता. त्यांना पापलेट हवं होतं. बंदी आहे म्हटल्यावर "मग कोकणात येऊन खायचं काय?" असं त्यातला एक जण मोठ्याने म्हणाला. काकू गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन नुकत्याच शेतातून आल्या होत्या. डोक्यावरचं प्लास्टिकचं इरलं भिंतीला टेकवत शांतपणे म्हणाल्या, "माशांना पण पोरंबाळं असतात हो." आत निघून गेल्या. आमचे हे त्या दिवशी आठळ्यांची भाजी दोनदा वाढून घेताना दिसले, एरवी घरी आठळ्या ताटात बाजूला काढून ठेवणारा माणूस.

सोयींबद्दल खरं सांगते, कारण सुंदर फोटो टाकणारे हे सांगत नाहीत. वीज जाते, आणि गेली की तासात येईल असं धरून चालू नका. कपडे वाळत नाहीत, काहीही केलं तरी वाळत नाहीत. गादीला एक ओलसर वास असतो. फोनला रेंज मिळवायला अंगणाच्या एका ठराविक कोपऱ्यात उभं राहावं लागतं. मला यातलं कपड्यांचं सोडून बाकी काही खटकत नाही. ह्यांना रेंजचं खटकतं.

घाटावर पावसात गेलात तर पॉइंट विसरा. महाबळेश्वर, आंबोली ही वर्षाला पाच-सात हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी गावं. ऑर्थर सीटला जुलैत उभं राहिलात तर समोर पांढरा पडदा दिसेल, पाच मिनिटांनी तोच पडदा दिसेल. लोक चिडतात. पण त्याच धुक्यात पॉइंट सोडून जंगलातल्या पायवाटेने चाला, खोडांवरचं शेवाळ, दगडावर उगवलेली नेची, पाण्याचा सगळीकडून येणारा आवाज, हे बघायला धुकं आड येत नाही. आंबोलीत रात्री टॉर्च घेऊन माहीतगार माणसाबरोबर फिरलात तर पानांवर बसलेले हिरवे मलबारी उडते बेडूक दिसतात. माथेरानही मधल्या वारी पावसात फार चांगलं. नेरळहून येणारी छोटी गाडी पावसाळ्यात अमन लॉज स्टेशनपर्यंत येत नाही, पण अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालू असतात. तिथे गाड्यांना बंदी असल्यामुळे लाल चिखलात पाय घालायला लागतो, पण हॉर्न ऐकू येत नाही. मला हा सौदा कधीही मान्य आहे.

उलट्या धबधब्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतीलच. नाणेघाट, आंबोलीजवळचं कावळेसाद. त्यात जादू काही नाही. नैऋत्येचा वारा कोकणातून येऊन सरळ कड्यावर आपटतो आणि वर चढतो, पडणारं पाणी हलकं असलं की त्याला उलटं उचलून फेकतो. म्हणजेच ज्या दिवशी पाणी वर उडतंय त्या दिवशी कड्याच्या काठावर वारा किती असेल याचा विचार करा. रेलिंगच्या पलीकडे जाऊन फोटो काढणाऱ्या जोडप्यांना मी तोंडावर बोलते. ह्यांना ते आवडत नाही, म्हणतात, "तुला काय करायचंय?" मला करायचंय.

कारण धबधब्यांच्या बाबतीत माझं मत बरंच कडक झालंय. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी १५ जूनला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही ठिकाणी काळ पावसाच्या सुरुवातीचा आणि दिवस रविवारचा. सह्याद्रीचा उतार उभा आणि कातळ कठीण, वर पडलेला पाऊस जिरत नाही, तो तडक खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर दोन किलोमीटरवर ढग फुटलेला असतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की पिशव्या-चपलांचा विचार न करता बाहेर पडायचं. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पाऊस होऊ शकतो असा इशारा. त्या दिवशी जायचं नाही. बुकिंगचे पैसे गेले तर गेले. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, घाट बंद करतं, वरंध तर दरवर्षी बघून घ्यावा लागतो. "आपण दोघंच तर आहोत, कोण अडवतंय" हे वाक्य ऑफ सीझनमध्ये सगळ्यात धोकादायक, कारण खरंच तिथे कोणी नसतं. ओढायलाही नसतं.

मग धबधबे बघायचे कधी? गणपती झाले की. पाऊस जायच्या बेतात असतो, ढग पांगून ऊन पडतं, दरी दिसते, आणि पाणी अजून असतं. ज्या कातळामुळे जूनमध्ये धबधबे एका रात्रीत उसळतात, त्याच कातळामुळे ते लवकर आटतातही, त्यामुळे ही खिडकी छोटी आहे. ऑक्टोबर मध्यावर आला की बरेचसे नुसत्या ओल्या रेघा होतात. सप्टेंबरच्या शेवटी ठोसेघर, भंडारदऱ्याचा रतनवाडीकडचा रस्ता, उतारांवर सोनकीचे पिवळे पट्टे. साताऱ्याजवळचं कास पठार त्याच काळात फुलतं पण तिथे गर्दीही फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आलं, तेव्हापासून रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त. मधल्या वारचं बुकिंग मिळालं तर जा, नाहीतर तेवढ्यासाठी हट्ट करू नका. गणपतीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात मात्र कोकणच्या रस्त्याला आणि रेल्वेला हात लावू नका. शहरी लोकांना तो ऑफ सीझन वाटतो, कोकणात तोच वर्षाचा मुख्य सीझन.

जाणं-येणं कसं, असं विचाराल. पावसात आम्ही गाडी नेत नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, आणि ते बरंच आहे. रत्नागिरीच्या अलीकडे उक्शीला रानपाटचा धबधबा खिडकीतून दिसतो, तिकिटात फुकट. पुढे एसटी. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्यात खिडकी मला मिळते आणि पूर्ण तिकीट ह्यांना.

दोघांनीच जाण्यात एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. सीझनमध्ये करायला इतकं असतं की एकमेकांशी बोलायचं काम पडत नाही. इथे संध्याकाळी साडेसातला अंधार, टीव्ही नाही, बाहेर पाऊस. पहिल्या रात्री आम्ही मुलांबद्दल बोलतो, दुसऱ्या रात्री घराच्या कामांबद्दल, तिसऱ्या रात्रीपर्यंत विषय संपतात आणि मग कधी कधी भांडण होतं. होऊ दे. घरी ते भांडण कोणीतरी दुसऱ्या खोलीत जाऊन टाळतं, तिथे दुसरी खोली नसते. दोघांना अगदीच वेगळं आवडत असेल तर दोघांनी एकाच ठिकाणी जावं पण दिवस वाटून घ्यावा. ह्यांना चालायला आवडतं, मला बसायला. ते सकाळी डोंगर चढून येतात, मी तोवर ओसरीत बसलेली असते, आणि दोघांपैकी कोणीही उपकार केल्याचा चेहरा करत नाही. हे जमायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

तर जायचं ठरलं की ऑनलाइन बुकिंगच्या आधी तिथल्या माणसाला एक फोन करा. रस्ता चालू आहे का, जनरेटर आहे का, जेवण मिळेल का की सगळे शेतावर आहेत, धबधब्यावर सध्या बंदी आहे का, एवढं विचारा. "या हो, सगळं एकदम मस्त आहे" असं भर जुलैत सांगणाऱ्यापेक्षा "आत्ता नका येऊ, पंधरा दिवस थांबा" म्हणणाऱ्याचा नंबर सेव्ह करून ठेवा. पंधरा दिवसांनी त्यालाच लावायचा आहे.