कोणे मोकल्या?

आज सकाळी जाहिरात एजन्सीचा मुलगा महिन्याचा रिपोर्ट घेऊन आला. रंगीत गोल, गोलाचे तुकडे. म्हणे, "काकू, शंभरातल्या एकसष्ट ऑर्डरी गूगलच्या जाहिरातीनं आणल्या!" म्हटलं, लोकांनी शोधलं काय होतं ते दाखव. दाखवलं. आमचंच नाव. दुकानाचं नाव आणि पुढे 'मेतकूट', नाहीतर 'भाजणी'.

अरे, ज्याला माझं नाव ठाऊक आहे तो माझ्याकडेच निघालाय ना? माझ्याच उंबऱ्यावर उभं राहायचं, आत शिरणाऱ्याला "या, या" म्हणायचं आणि दलाली माझ्याकडून घ्यायची!

बडोद्याला रावपुऱ्यातल्या दुकानात अण्णा पुडी बांधताना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला गुजरातीत विचारायचे, "कोणे मोकल्या?" मराठी असलं तर "कोणी पाठवलं?" चोपडीच्या कडेला एक अक्षर पडायचं. छा म्हणजे छापं, अर्थात वर्तमानपत्र, सि म्हणजे सिनेमातली स्लाइड, मा म्हणजे माणूस. छाप्यातलं कात्रण आणलं की आठ आणे सूट. एकदा वाडीतली एक बाई कात्रण घेऊन आली. अण्णांनी छा लिहिलं. बोलता बोलता कळलं, तिनं छापं बघितलंच नव्हतं. शेजारणीनं कापून हातात दिलेलं, "यांची भाजणी करून बघ" म्हणून. अण्णांनी छा खोडलं, मा लिहिलं. मी गल्ल्याशेजारी गृहपाठ करत बसले होते, ते खोडणं अजून दिसतं.

गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारं, लिंकच्या मागे यूटीएम नावाचं जे शेपूट असतं ना, ते हे कात्रणच. (यू म्हणजे अर्चिन, गूगलनं 2005 साली विकत घेतलेली कंपनी. अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा. नाव चपखल आहे.) माझ्या नणंदेनं जाहिरातीतली लिंक शेपटीसकट भिशीच्या ग्रुपवर टाकली, पाच जणींनी मागवलं, पाचही फेसबुकच्या खात्यात जमा. तीच लिंक कोणी शेपूट कापून व्हॉट्सॲपवर धाडली, तर बहुतेक वेळा 'डायरेक्ट'मध्ये पडते, म्हणजे गिऱ्हाईक आभाळातून टपकलं. नणंद कुठेच नाही. वाडीतली ती शेजारीणही नसती.

बरं, मान्य. याच शेपटीनं सांगितलं की एका जाहिरातीत सहा महिने पैसे ओतले आणि ऑर्डर एक नाही. अण्णांचेही वर्षभराच्या स्लाइडचे तीनच सि निघाले होते, तेही चरफडले होते. आणि गिऱ्हाईक तोंडावर खरंच सांगतं असंही नाही.

पण ईबे या ऑनलाइन बाजाराच्या कंपनीनं 2012 मध्ये स्वतःच्या नावावरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच, जवळजवळ सगळे! एवढ्या मोठ्या कंपनीला हे करून बघावंसं वाटलं, आणि मला सांगतात, "काकू, बंद केलं तर रँक जाईल, गूगलवर खाली जाल." भीती घालायची आणि पैसे काढायचे.

वर गेला आठवडाभर माझ्याच मेतकुटाची जाहिरात माझ्याच मोबाइलवर माझा पाठलाग करते आहे. एकदा स्वतःची साइट उघडली होती, हा गुन्हा. ती दाखवायचे पैसे कोण देतंय? मीच! अण्णा निदान समोरासमोर विचारत. पुडीची दोरी तोडेपर्यंत, एकदाच.

त्या मुलावर मात्र जरा जास्तच ओरडले. चहा गार झाला त्याचा. त्याला वरून टार्गेट आहे, रिपोर्टचे रकाने त्यानं आखलेले नाहीत, आणि त्या रकान्यांत 'मा' नाहीच. जाताना आईसाठी भाजणीचं पाकीट दिलं, तर म्हणाला, "आई ओळखते तुमचं दुकान, आजी आणायची." बघा!

ऑर्डरच्या फॉर्मवर आता एक चौकट घातली आहे, 'कोणी पाठवलं?' तो म्हणतो, चौकट वाढली की लोक अर्ध्यात सोडून जातात. जात असतीलही. पुढच्या महिन्यात नावावरची जाहिरात बंद ठेवून बघणार आहे, काय व्हायचं ते होऊ दे.

तुमच्यापैकी ज्यांनी मागवलंय त्यांनी खाली लिहा, कोणी सांगितलं होतं. खरं लिहा, मी चोपडीत उतरवणार आहे. लिंक इथे देत नाही, फेसबुक लगेच आपलं शेपूट चिकटवतं. दुकानाचा फोन नंबर जुनाच आहे.